कंपनीचा आकडा आणि गावाची वही

गेल्या वर्षी पावसाळा सरताना आमच्या मोहल्ल्यात दोन तरुण मुले आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. एका कंपनीच्या वतीने गावाचे मत जाणून घेण्यासाठी सर्व्हे करतो आहोत, असे त्यांनी सांगितले. शेजारच्या खालांनी त्यांना ओटीवर बसवले, चहा दिला आणि मला हाक मारली. प्रश्न होता, उद्योग आल्याने गावाची प्रगती होईल असे आपल्याला वाटते का? उत्तरे तीनच होती : ‘नक्की होईल’, ‘काही प्रमाणात होईल’ आणि ‘सांगता येत नाही’.

खालांनी विचारले, “आणि ‘नाही होणार’ म्हणायचं असेल तर?”

मुलगा हसून म्हणाला, “तो ऑप्शनच नाहीये, मावशी.”

खालांनी ‘सांगता येत नाही’वर बोट ठेवले. मुले पुढच्या घरी गेली. माझ्या मनात मात्र ती गोष्ट राहिली. उद्या कुठल्या तरी बैठकीत पडद्यावर ओळ उमटेल, ‘गावातील एकाही व्यक्तीचा विरोध नाही’. ती ओळ खोटी म्हणता येणार नाही. विरोध नोंदवायला जागाच नव्हती, एवढेच.

या कामाला जनसंपर्क म्हणतात. कंपनी, सरकारी खाते, रुग्णालय, शाळा, राजकीय पक्ष सगळेच ते करतात. पूर्वी जनसंपर्क अधिकारी म्हणजे पत्रकारांना बातमी देणारा आणि पाहुण्यांची सरबराई करणारा माणूस. आता त्याच्या हाताशी सर्व्हे असतो, मोबाइलवरून गोळा झालेली माहिती असते आणि ती माहिती चाळणारे संगणक असतात. हे शास्त्र वाईट नाही. पण आपण, म्हणजे ज्यांची मोजणी होते ते, ते समजून घेत नाही. आम्हा अंजनवेलकरांनी तरी ते समजून घ्यायलाच हवे, कारण आकडे आणि जनसंपर्क यांच्या खेळातला देशातला एक मोठा धडा आमच्याच गावच्या जमिनीवर घडला आहे.

मोजण्याची रीत जुनी आहे

आधी माहिती काढावी, मग बोलावे, ही रीत आपल्याला नवी नाही. हिजरी सन २ मधली बद्रच्या लढाईआधीची घटना सीरतच्या ग्रंथांत आहे. कुरैशच्या फौजेसाठी पाणी भरणारे दोघे मुसलमानांच्या हाती लागले. फौज किती आहे हे त्यांना सांगता येईना. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना दुसरेच विचारले, रोज उंट किती कापले जातात? उत्तर आले, एक दिवस नऊ, एक दिवस दहा. त्यावरून प्रेषितांनी (स.) अंदाज केला की माणसे नऊशे ते हजार असावीत. समोरच्याला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा आणि त्यातून आपल्याला हवे ते काढायचे, हेच चांगल्या संशोधनाचे मर्म आहे. सूरह अल-हुजुरातमध्ये तर आलेल्या खबरीची शहानिशा करण्याची स्पष्ट ताकीद आहे, नाहीतर नकळत एखाद्या समाजाचे नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल. आजच्या काळात खबर बहुतेक वेळा आकड्याच्या रूपाने येते, म्हणून शहानिशाही आकड्याचीच करावी लागते.

आकडा मोठा असला म्हणजे खरा असतो असेही नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. सुमारे तेवीस लाख उत्तरे आली आणि साप्ताहिकाने लँडन जिंकतील असे भाकीत केले. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड मतांनी. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात फोन व मोटार असणारे लोक सुखवस्तू होते. गरिबाचे मत त्या तेवीस लाखांत पुरेसे आलेच नव्हते. आज जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान घेऊन ‘मोहल्ल्याचे मत’ ठरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. ज्या विधवा बाईकडे स्मार्टफोन नाही, ती त्या मतात नाही.

एन्रॉनची गोष्ट

आता आमच्या गावाकडे येते. वाशिष्ठीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या पलीकडे जो वीज प्रकल्प उभा आहे, तो एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प म्हणून जगाला माहीत झाला. दाभोळ खाडीच्या पैलतीरावर आहे, जमीन मात्र अंजनवेल, वेलदूर, रानवी आणि आसपासच्या गावांची होती. २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी प्राथमिक करार केला. आराखडा पुढे दोन टप्प्यांत दोन हजार मेगावॉटच्या वर गेला.

१९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. नकार भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. प्रकल्प राज्याच्या गरजेपेक्षा मोठा आहे, कोळशापेक्षा आयात वायूची वीज महाग पडेल आणि ही महाग वीज घेण्यासाठी मंडळाला आपली स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असे बँकेचे म्हणणे होते.

यावर कंपनीने काय केले, हे जनसंपर्काच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. एन्रॉनचे उपाध्यक्ष जोसेफ सटन यांनी जून १९९३ मध्ये वीज मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता की, बँकेचे मत बदलता येईल असे आपल्याला वाटते, पुढच्या फेरीत आपण एक जनसंपर्क संस्था नेमू आणि यापुढे प्रसारमाध्यमे सांभाळून घेऊ. हिशेब चुकतो आहे असे कुणी दाखवले, तर हिशेब पुन्हा मांडायचा की सांगण्याची पद्धत बदलायची? पत्रात दुसरी वाट दिसते. डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला.

१९९५ मध्ये कंपनीच्या आणखी एक उपाध्यक्ष, लिंडा पॉवर्स, यांनी अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे सांगितले की, भारतीयांना ‘शिकवण्यावर’ आणि प्रकल्पाच्या तयारीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. त्या वेळच्या दराने ते साठ कोटींहून अधिक रुपये होतात. या रकमेवरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मी शिक्षिका आहे, म्हणून मला त्यातला ‘शिकवण्यावर’ हा शब्दच टोचतो. वर्गात शिकवताना विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची मुभा असते. इथे करारच गोपनीय होता. ज्यांच्या वीजबिलातून पैसे जाणार होते, त्यांना त्याची कलमे वाचायला मिळत नव्हती.

दावतीचा ठेका

त्या कराराची मेख आपल्या घरातल्या उदाहरणाने सांगते. लग्नाच्या दावतीसाठी तुम्ही बावर्चीला पाचशे ताटांचा ठेका दिला. अट अशी की पाहुणे किती येवोत, चूल, भांडी आणि माणसांचे पैसे पाचशे ताटांचेच द्यायचे. शिवाय हे पैसे डॉलरच्या भावाशी बांधलेले. पाहुणे तीनशेच आले. मग खाल्लेले प्रत्येक ताट केवढ्याला पडले? ठरलेल्या भावापेक्षा कितीतरी महाग. वीज मंडळाचे तसेच झाले. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार द्यायचा होता. विजेची मागणी अंदाजाइतकी वाढली नाही, इंधन महागले आणि १९९३ च्या अखेरीस एकतीस-बत्तीस रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००० च्या अखेरीस सेहेचाळीस रुपयांच्या वर गेला.

ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला होता. पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि वीज युनिटला दोन रुपयांच्या आत मिळेल असे लोकांना सांगण्यात आले. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००० सालातल्या काही महिन्यांत दर सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले. तिकडे तर खुद्द कंपनीचे ताळेबंदच फुगवलेले निघाले. पुढे २००५ मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला.

जाहिरातीतला ‘दोन रुपयांच्या आत’ हा आकडा मग खोटा होता का? तो एका गृहीतावर उभा होता. वीज जवळजवळ सगळी उचलली जाईल, डॉलर आणि इंधन फार हलणार नाहीत, तर तो दर. आकडा ठळक छापला गेला, गृहीत छापले गेले नाही. जनसंपर्कातली बहुतेक दिशाभूल अशीच होते.

दुसरी वही

या गोष्टीत दुसरी बाजूही आहे, आणि ती मला मुलांना आवर्जून सांगावीशी वाटते. पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्येच या कराराचे विश्लेषण करून तो राज्याला किती जड जाईल हे मांडले होते. त्यांच्याकडे कोट्यवधी डॉलर नव्हते. कागद मिळवणे, तो वाचणे आणि गणित करणे एवढेच त्यांचे भांडवल होते. २००१ मध्ये माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तिच्या अहवालाने करारावर आणि तो मंजूर करण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. सहा वर्षांआधी जे मूठभर लोक सांगत होते, ते आता सरकारी कागदावर आले. तोवर पैसे गेले होते.

मधल्या काळात या गावांनी काय सोसले? आम्ही तेव्हा शाळेत होतो. मोर्चे, जमावबंदी, अटका यांनी ती वर्षे भरलेली होती. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस शिरले आणि बायकांनाही धरून नेले. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये यावर अहवाल प्रसिद्ध केले. मासे कमी होतील का, विहिरींचे काय होईल, काम कुणाला मिळेल, हे त्या बायकांचे प्रश्न होते. त्यांची उत्तरे देण्यासाठी आधी त्यांची मोजणी करावी लागली असती. किती होड्या, किती मासळी, किती विहिरी. ती वही कुणी उघडली नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही लिहिली नव्हती.

आमच्याच जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात, हेच पुढे जैतापूरच्या अणुप्रकल्पाबाबत दिसले. मे २०१० मध्ये पर्यावरणाची जनसुनावणी झाली, तेव्हा अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाही अशी गावकऱ्यांची तक्रार होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने लोकांमध्ये जाऊन अभ्यास केला, तेव्हा सरकारदरबारी पडीक म्हणून दाखवलेल्या जमिनीत लोक पीक घेतात हे पुढे आले. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याच्या मच्छीमारांच्या आंदोलनात गोळीबार होऊन एक तरुण गेला. वेळेवर ऐकले असते तर हे टळले असते की नाही, अल्लाहच जाणे. पण न ऐकण्याची किंमत बहुधा दुबळ्याच्याच घरातून वसूल होते.

ऐकणारा जनसंपर्क

जनसंपर्काचे अमेरिकी अभ्यासक जेम्स ग्रुनिग यांनी १९८४ मध्ये या व्यवसायाचे चार प्रकार मांडले. पहिल्यात फक्त गाजावाजा असतो. दुसऱ्यात खरी माहिती दिली जाते, पण एकतर्फी. तिसऱ्यात लोकांचा अभ्यास होतो, तो त्यांना पटवायचे कसे हे कळावे म्हणून. चौथ्यात अभ्यास होतो, आणि गरज पडल्यास संस्था स्वतःही बदलते. तिसरा आणि चौथा बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींत सर्व्हे असतो, तक्ते असतात, गोड बोलणे असते. फरक एकाच प्रश्नाने कळतो : उत्तर तुमच्या मनाविरुद्ध आले तर तुम्ही काय बदलणार आहात?

हा प्रश्न कंपन्यांनाच नव्हे, आपल्या संस्थांनाही लागू आहे. एका शाळेत आम्ही मुलींची गळती थांबवण्यासाठी पत्रके छापली, जुम्याच्या नमाजनंतर आवाहन केले, इल्मचे महत्त्व सांगितले. फरक पडला नाही. आमचे गृहीत होते की पालकांना मुली शिकवायच्या नाहीत. मग आम्ही चार शिक्षिका जमातीच्या यादीतल्या घरोघरी गेलो. भाषण न करता फक्त विचारले, मुलगी का येत नाही? उत्तर बहुतेक ठिकाणी एकच आले. संध्याकाळची एस. टी. शाळा सुटण्याआधी निघून जाते आणि पुढची येईपर्यंत अंधार पडतो. आम्ही शाळेची वेळ अलीकडे घेतली आणि मुली परत आल्या. चूक पालकांच्या मनात नव्हती, आमच्या वेळापत्रकात होती. पत्रकांचा खर्च फुकट गेला, कारण विचारण्याआधी आम्ही सांगायला लागलो होतो.

चांगल्या जनसंपर्कात कामानंतरची मोजणीही तेवढीच महत्त्वाची. पूर्वी वर्तमानपत्रात छापून आलेल्या बातमीची लांबी मोजून, तेवढ्या जागेच्या जाहिरातीला किती पैसे पडले असते हे यश म्हणून दाखवत. २०१० मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी बार्सिलोनात तत्त्वे ठरवली आणि ही मोजणी चुकीची मानली. किती छापून आले यापेक्षा लोकांच्या समजुतीत आणि वागण्यात काय बदलले ते मोजा, असे ती तत्त्वे सांगतात. शाळेच्या मेळाव्याला किती लोक आले हे यश नव्हे, मेळाव्यानंतर किती मुली दहावीपर्यंत टिकल्या हे यश.

खिशातला सर्व्हे

आता तर विचारायला दारात येण्याचीही गरज उरलेली नाही. आपण मोबाइलवर काय पाहतो, कशावर थांबतो, काय पुढे पाठवतो, यावरून आपले मत ताडले जाते. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आले. सुमारे पावणेनऊ कोटी लोकांची माहिती त्यांना न विचारता घेतली गेली असावी, हे फेसबुकने मान्य केले. मतदारांना त्यांच्या स्वभावानुसार वेगवेगळे संदेश पाठवण्यासाठी तिचा वापर झाल्याचा आरोप होता.

लोकांच्या प्रतिक्रिया वाचून कौतुक किती आणि नाराजी किती हे संगणक मोजतो, तेही सावधपणे घ्यावे. आमच्याकडे रस्त्यात गुडघाभर खड्डा पडला की लोक लिहितात, “वा, काय विकास आहे!” यंत्राने हे कौतुकात मोजले तर नवल नाही. कोकणी माणसाचा टोमणा समजायला कोकणात राहावे लागते.

आपण काय करावे?

सर्व्हेवाल्याला हाकलून द्यावे असे मी म्हणणार नाही. पण बोट ठेवण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. हे काम कोणी करवून घेतले आहे? ‘नाही’ म्हणायला जागा आहे का? निष्कर्ष आम्हाला मराठीत मिळतील का? आणि माझे नाव, फोन नंबर, आधार कशाला हवा? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती आणि माहिती घेण्याचा हेतू यांना महत्त्व दिले आहे. नंबर न देता मत देता येत नसेल, तर तो सर्व्हे कमी आणि ग्राहकांची यादी जास्त, असे समजावे.

प्रकल्प येत असेल तर कायद्याने हातात दिलेली साधने वापरावीत. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि सुनावणीत काय बोलले गेले ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. वाचून दाखवल्याशिवाय उठू नये. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या अर्जावर कागद मागता येतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. १९९३ साली आमच्या गावाकडे ही दोन्ही साधने नव्हती.

आणि सर्वांत महत्त्वाचे, आपली वही आपण लिहावी. गावात होड्या किती, कोणत्या महिन्यात कोणती मासळी मिळते, कोणती विहीर कधी आटते, आंबा-काजूचे उत्पन्न किती, किती मुलगे आखातात आहेत आणि किती परत आले. बचत गटाच्या बायका आणि दहावीची मुले महिन्यातून एक रविवार देऊन हे करू शकतात. तारीख घालावी, सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, आपल्या सोयीचे नसलेलेही लिहावे. सोयीचेच लिहिले तर आपली वही आणि कंपनीचा टॅब यांत फरक उरणार नाही. प्रकल्प चांगला असेल तर अशी वही त्यालाही उपयोगी पडेल, आणि नुकसान झालेच तर भरपाई मागताना हातात पुरावा असेल.

यंदा माझ्या वर्गातल्या मुलींनी वहीचे पहिले पान खालांच्या ओटीवर बसून लिहिले. प्रश्न मुलींनीच काढले होते. प्रत्येक प्रश्नाखाली ‘नाही’ लिहायला जागा होती. खालांनी दोनदा तिचा वापर केला आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, “इथं मात्र ‘होय’ लिही.”